गुबगुबींचं पाणी

आईला सक्युलंट हा शब्द कधी नीट म्हणता आला नाही, आणि म्हणायची तिला गरजही वाटली नाही. ती त्यांना गुबगुबी म्हणायची. एक गुबगुबी, दोन गुबगुबी, अशा एकूण नऊ. चऱ्होलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरावर स्लॅबची गच्ची आहे. तिथं कठड्याला लागून, विटांवर फळी टाकून, तिनं त्यांना ओळीनं बसवलं होतं. कुणी ऑइलपेंटच्या डब्यात, कुणी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात, एक तर शिट्टी हरवलेल्या कुकरमध्ये. काहींची पानं कमळासारखी गोल रचलेली, काहींची लांबट आणि टोकाला लालसर. जी सगळ्यांत जुनी होती तिच्यावर कुणीतरी तांदळाची पिठी भुरभुरून ठेवल्यासारखा पांढुरका रंग होता. ती पिठी बोटाला लागायची आणि पानावर बोटाचा ठसा कायमचा राहायचा, म्हणून तिला हात लावायची मला बंदी होती.

आईचं पाणी घालणं हा एक लांबलचक कार्यक्रम होता, आणि त्यात बहुतेक वेळा पाणी नसायचंच. रविवारी सकाळी मी पुनावळ्याहून गेले की ती मला गच्चीवर घेऊन जायची. पालथ्या बादलीवर बसायची. एखादं पान चिमटीत धरून हलकेच दाबायची. डबा उचलून तळहातावर तोलायची आणि परत जागेवर ठेवायची.

"घालायचं का गं पाणी?" मी विचारायचे.

"नको म्हणतीया," ती म्हणायची, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहायचो.

समोर दर आठवड्याला थोड्या उंच झालेल्या इमारती, डोक्यावरून सावकाश उतरणारं विमान, खालच्या गल्लीत भाजीवाल्याची हाक. ऊन फळीवरून सरकत सरकत नवव्या डब्यापर्यंत जायचं. ते सगळे रविवार आता एकमेकांत मिसळून गेलेत. त्यांतला कुठला कुठल्या वर्षीचा ते मला सांगता येत नाही. कधीतरी मला डुलकी लागायची आणि जागी व्हायचे तेव्हा आई तिथंच असायची, हातात कुठलातरी डबा. पाणी प्रत्यक्ष घालताना मी तिला फार कमी वेळा पाहिलं, आणि पाहिलं तेव्हा लक्ष दिलं नाही. आयतं बघणाऱ्याला काय कळतं?

मागच्या होळीच्या आधी आई गेली. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, दीड वर्ष डायलिसिस चाललं. चऱ्होलीच्या घराला कुलूप लावून मी पप्पांना माझ्या पुनावळ्याच्या फ्लॅटवर आणलं, आठव्या मजल्यावर. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. दोघं आणि गाडीच्या मागच्या सीटवरून आणलेल्या नऊ गुबगुबी. आईच्या साड्या होत्या, चष्मा होता, पण साडीला नवं पान फुटत नाही. तिच्या हातचं असं वाढत राहिलेलं काय ते या नऊ डब्यांतच होतं. ती झाडं जगली पाहिजेत, एवढं एकच मी मनात पक्कं धरलं होतं. बाकी काही विचार करायची तेव्हा माझी ताकद नव्हती.

पहिलं काम काय केलं असेल, तर ऑनलाइन नऊ पांढऱ्याशुभ्र सिरॅमिकच्या कुंड्या मागवल्या. आईची झाडं गंजक्या डब्यांत का म्हणून राहावीत? एका शनिवारी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून सगळी झाडं त्या कुंड्यांत हलवली आणि डबे भंगारवाल्याला देऊन टाकले. संध्याकाळच्या उन्हात ती पांढरी ओळ अशी काही दिसत होती की मी स्वतःवरच खूश झाले. पप्पांनी एकेक कुंडी उचलून सगळ्या बाजूंनी बघितली आणि "झ्याक हाय" म्हणून खाली ठेवली.

पप्पा चाकणच्या एका कंपनीत चौतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी: वेळच्या वेळी तेलपाणी मिळालेल्या आणि बंद पडलेल्या. प्रत्येक मशीनला कंपनीत एक तक्ता टांगलेला असतो. कुठल्या पाळीला ग्रीस दिलं, कुठल्या पाळीला ऑइल बघितलं, देणाऱ्यानं तिथं खूण करायची. पप्पा घरी आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी बाल्कनीच्या दाराशेजारी मला तसा तक्ता चिकटवलेला दिसला. वर तारखा, डावीकडं एक ते नऊ आकडे, प्रत्येक चौकोनाचे दोन भाग: पहिली पाळी, दुसरी पाळी. शेजारी दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन लोंबत होतं. सकाळी सातला आणि दुपारी साडेतीनला पप्पा तांब्या घेऊन जायचे, नऊ जणींना पाणी घालायचे आणि नऊ खुणा करायचे.

मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. माणसाला सकाळी उठायला कारण मिळालं होतं. सकाळी अर्धवट झोपेत तांब्यातून पाणी पडल्याचा आवाज यायचा आणि क्षणभर वाटायचं, आपण चऱ्होलीत आहोत, खाली आई अंगण शिंपतेय, अजून उठायची वेळ झालेली नाही. त्या आवाजात मी पुन्हा झोपून जायचे. उन्हाळा होता. सोसायटीत पाण्याचे टँकर यायचे, खालून त्यांची घरघर वर यायची, पडदे सावकाश हलायचे. ते दोन-अडीच महिने मी जागेपणी जगलेच नाही असं आता वाटतं. हिंजवडीच्या ऑफिसला जायचे ते दिवस, घरून काम करायचे ते दिवस, सगळ्यांना एकच फिकट पिवळा रंग होता.

मे महिन्यात पानं काचेसारखी व्हायला लागली. तिरपं ऊन पडलं की ते पानातून आरपार जायचं, आत एखादा दिवा लावल्यासारखं. मी येडी, त्यांचे फोटो काढत बसले. इतकी सुंदर ती कधीच दिसली नव्हती. मग एक दिवस नुसता धक्का लागला आणि चार पानं टपटप गळून पडली, हातात घेतली तर पाण्यानं भरलेली पिशवी. उरलेल्या पानांना सुरकुत्या पडू लागल्या. पप्पांना सुरकुती दिसली म्हणजे तहान. त्यांनी तक्त्यात तिसरा रकाना आखला आणि संध्याकाळीही पाणी सुरू केलं. सुरकुत्या वाढल्या. पाणी वाढलं. अति तिथं माती म्हणतात, पण आमच्याकडं मातीचाही चिखल झाला होता आणि दोघांपैकी एकालाही तो दिसत नव्हता. देठ बुडाशी काळे पडले, वास यायला लागला. जूनपर्यंत सहा गेल्या. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी दोन. उरली ती पिठी लावलेली, सगळ्यांत जुनी, आणि तिचंही खालचं एकेक पान मऊ पडायला लागलं होतं.

माझा राग दुधासारखा आहे. वर येतो तेव्हा गॅस बंद करायलाही वेळ मिळत नाही. त्या शनिवारी सकाळी मी बाल्कनीत आले तर पप्पा त्या शेवटच्या कुंडीत पाणी ओतत होते, आणि कुंडी काठोकाठ भरली होती.

"बास करा!" मी ओरडले. "तुम्हीच मारलीत. आईची सगळी झाडं तुम्ही मारलीत."

पप्पा तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, उलट ओरडतील. आयुष्यभर कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही तो. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि सवयीनं, दोऱ्याला बांधलेलं पेन उचलून नवव्या रांगेत खूण केली. मग आपण काय केलं ते त्यांना कळलं असावं, कारण ते पेन हातातून सोडेनातच.

मी ती कुंडी स्कूटरवर पायांमध्ये ठेवली आणि हायवेच्या कडेच्या नर्सरीत गेले. नर्सरीवाला माझ्याच वयाचा, अंगात मळका टीशर्ट, कानाला फोन. त्यानं फोन न ठेवताच कुंडी तिरकी केली. आतून काळं, कुजकं पाणी ओघळलं आणि ओघळतच राहिलं. त्यानं फोन ठेवला.

"ताई, ह्याला भोक कुठंय?"

"कसलं भोक?"

"बुडाला. पाणी जाणार कुठनं?"

मी कुंडी उलटी करून बघितली. पांढरं, गुळगुळीत, चकचकीत बूड. आईच्या प्रत्येक डब्याला खाली खिळ्यानं पाडलेली चार-पाच भोकं होती. मी ते डबे स्वतःच्या हातानं भंगारात दिले होते, आणि तासाभरापूर्वी पप्पांवर ओरडून आले होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"तहानेनं मेलेलं सक्युलंट माझ्याकडं अजून एकपण नाही आलं," नर्सरीवाला म्हणाला. "सगळी पाणी पाजून मारलेली येतात. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही. चिखलात उभं असतंय आणि वरनं सुकल्यासारखं दिसतंय. मग माणूस आणखी पाणी घालतो."

मग त्यानं मला सगळं सांगितलं आणि मी एखाद्या शाळकरी मुलीसारखी ते फोनमध्ये टिपून घेतलं. मुळं गेली आहेत, आता वरचा पानांचा गोंडा कापायचा. देठ आतून काळा दिसेल तोवर वर वर सरकत कापत जायचं, स्वच्छ हिरवट पांढरा लागला की थांबायचं. काप सुकू द्यायचा, आठ-दहा दिवस, सावलीत, नुसता वाटीत ठेवून. पाण्याचा थेंब नाही. मग गोंडा कोरड्या भुसभुशीत मातीवर ठेवायचा. मुळं फुटेपर्यंत पाणी नाही. मुळं आली की मात्र घालायचं ते पोटभर घालायचं, बुडातून बाहेर येईपर्यंत. नुसतं वरवर शिंपडायचं नाही आणि गोंड्याच्या मधोमध ओतायचं नाही. मग माती पार आतपर्यंत वाळेपर्यंत परत हात लावायचा नाही.

"किती दिवसांनी?"

"दिवस कॅलेंडरला विचारू नका, कुंडीला विचारा. उदबत्तीची जळलेली काडी आत खुपसायची. माती चिकटून आली तर नाही. कोरडी आली तर हो. पावसाळ्यात महिना महिना पाणीपण लागणार नाही." तो हसला. "जमेल ना थांबायला?"

घरी आले तेव्हा पप्पा बाल्कनीतच बसले होते. तक्ता भिंतीवर नव्हता. त्यांनी तो काढून घडी करून मांडीवर ठेवला होता. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि कुंडी उलटी करून दाखवली.

"पप्पा, चूक माझी होती. ह्यांना भोकंच नाहीत."

"म्हाईत हाय मला."

"म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी बघितलं मी. पाण्याला वाट न्हाई ठेवलेली. पर तू येवढ्या हौसेनं आणल्या व्हत्या, तुला काय बोलणार?"

"मग माहीत असून रोज दोनदा? तीनदा?"

खाली टँकर लागला होता आणि त्याच्या पाइपमधून सोसायटीच्या टाकीत पाणी पडत होतं.

"तुझ्या आईला दिसाला किती पाणी चालायचं, तुला आठवतंय ना," ते म्हणाले.

मला आठवत होतं. एक लिटर. चहा, आमटी, औषधाबरोबरचा घोट, सगळं धरून. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आठवड्यातून तीनदा मशीन अंगातलं पाणी काढायचं आणि मधल्या दिवसांत ते पुन्हा भरायचं. फ्रिजवर लावायचा तक्ता मीच ऑफिसातून छापून आणून दिला होता, सुबक, रंगीत, खुणा करायला चौकोन. तो भरायचे पप्पा. मी आठवड्यातून एकदा जायचे आणि तो बघून म्हणायचे, व्वा, सगळं वेळच्या वेळी. कधी कधी आई बर्फाचा खडा मागायची, तोही पप्पा मोजून द्यायचे. "कंपनीचं तेल तरी येवढं मोजून देत व्हता का हो?" असं ती त्यांना चिडवायची, आणि मी हसायचे.

"शेवटच्या दिवशी दुपारी म्हणाली, आजून एक घोट द्या," पप्पा म्हणाले. "मी म्हणलं, तुझं दुसऱ्या पाळीचं झालं. आता संध्याकाळी. तिनं परत न्हाई मागितलं. तुला म्हाईत हाय, ती दोनदा मागणारी न्हवती. अन् चार वाजता तिला दम लागला, अॅम्ब्युलन्स आणली. संध्याकाळचं पाणी द्यायचं राह्यलंच."

त्यांनी मांडीवरचा कागद उलगडला आणि पुन्हा त्याची घडी केली.

"अंग पाण्यानं भरलेलं, पाय सुजलेले, अन् जीभ कोरडी. मला कळत व्हतं पोरी, की पाणीच तिला मारतंय. डोक्याला कळत व्हतं. पर आता कुणाला न्हाई म्हणवत न्हाई मला. ही सुकल्यागत दिसली की हात जातुयाच."

नर्सरीवाल्यानं तासाभरापूर्वी मला हेच सांगितलं होतं, चिखलात उभं आणि वरून सुकलेलं, आणि मला ते झाडाबद्दल आहे असं वाटलं होतं. मला माझी लाज वाटली. आईचा तो दुपारचा घोट मला आज पहिल्यांदा कळत होता, आणि या माणसानं तो इतके महिने एकट्यानं सांभाळला होता. मी त्यांचा हात धरला. आमच्या घरात असं कुणी कुणाचा हात धरत नाही, त्यामुळं दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं.

गोंडा पप्पांनीच कापला. नवं ब्लेड आणलं, स्पिरिटनं पुसलं, चष्मा लावला. पहिला काप काळा. दुसरा काळा. तिसऱ्याच्या मधोमध काळा ठिपका. चौथ्या कापाला देठ बोटभरही उरला नव्हता, पण स्वच्छ होता. आम्ही दोघांनी एकदम श्वास सोडला. स्टीलच्या वाटीत तो गोंडा ठेवला आणि वाटी पुस्तकांच्या कपाटावर, सावलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पप्पा माझ्या खोलीच्या दारात.

"आज?"

"नाही पप्पा."

तिसऱ्या दिवशी, "आज?" "नाही." दुपारी साडेतीनला ते वाटीकडं जायचे, हात मागं बांधून बघायचे आणि परत यायचे. एकदा तर तांब्या भरून घेतला आणि तो घेऊन घरभर फिरले, शेवटी मोरीत ओतला. मला तो आवाज ऐकवेना. माणसाला उपाशी ठेवणं सोपं असेल एकवेळ, पण ज्याला पाजायची सवय लागलीय त्याला पाजू न देणं भलतंच अवघड. त्यांना काहीतरी हाताला हवं म्हणून मी त्या सिरॅमिकच्या कुंड्या पुढं केल्या. त्यांनी ड्रिल काढलं, बुडावर चिकटपट्टी लावली, वरून थेंब थेंब पाणी सोडत भोकं पाडायला घेतली. दोन कुंड्यांचे तुकडे झाले. "मटेरियलच बोगस," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज कंपनीतल्यासारखा झाला. सात वाचल्या. मग विटांचे तुकडे फोडले, बारीक माती चाळून काढून टाकली, जाड वाळू मिसळली. उदबत्तीच्या काड्या जमवून रबर लावून ठेवल्या. "ही आपली डिपस्टिक," म्हणाले. इंजिनमधलं ऑइल बघायची पट्टी असते ना, तशी.

काम संपलं आणि मग काही उरलं नाही. बाहेर आषाढातलं ढगाळ, राखाडी आभाळ, समोरच्या अर्धवट टॉवरवर क्रेन एकाच जागी थांबलेली. आम्ही बाल्कनीत नुसते बसायला लागलो. सुरुवातीला पप्पांना ते जमायचं नाही, दर पाच मिनिटांनी उठायचे. मग हळूहळू बसू लागले. कधी आईबद्दल बोलायचे, कधी काहीच नाही. लग्नानंतर ती पहिल्यांदा त्यांच्या कंपनीच्या बसचा आवाज ओळखायला शिकली ते. ती बोलायला लागली की त्यांना झोप यायची, आणि तिला त्याचा राग यायचा ते. "आजारपणात मी तिच्यापाशी बसलोच न्हाई कधी," एकदा म्हणाले. "सारखं कायतरी करत व्हतो. गोळ्या, रिपोर्ट, तक्ता."

गोंड्याची बाहेरची दोन पानं सुकून कागदासारखी झाली. पप्पांनी ते दाखवलं, आणि मीही घाबरले, पण नर्सरीवाला फोनवर म्हणाला, ती पानं आपलं पाणी आतल्यांना देतायत, देऊ द्या. दहाव्या दिवशी काप खडखडीत वाळला तेव्हा आम्ही गोंडा मातीवर नुसता ठेवला. पुरलाही नाही. पप्पांचं "आज?" चालूच होतं, पण आता ते दारात येऊन विचारायचे नाहीत. चहा पिता पिता, कुंडीकडं बघत, स्वतःलाच विचारल्यासारखं विचारायचे, आणि माझ्या आधी स्वतःच म्हणायचे, "न्हाई."

आणि विसाव्या-बाविसाव्या दिवशी मला फोनवर फोटो आला. मी तेव्हा हिंजवडीच्या गर्दीत, कंपनीच्या कॅबमध्ये, अर्धा तास एकाच सिग्नलला होते. फोटो हललेला, अर्ध्यात पप्पांचा अंगठा. पण देठाखालून एक गुलाबी धागा निघालेला स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्या शेजारी दुसरा. मी कॅबमध्ये रडले. शेजारच्या मुलीला वाटलं ट्रॅफिकला वैतागून रडतेय. तिनं मला चॉकलेट दिलं.

नर्सरीवाला म्हणाला, आणखी चार दिवस. आम्ही पाच थांबलो. पाचव्या दिवशी रविवार होता, सकाळचं ऊन बऱ्याच दिवसांनी बाल्कनीत आलं होतं. पप्पांनी काडी बुडापर्यंत खुपसली, बाहेर काढून डोळ्यांपाशी नेली, बोटांवरून फिरवली. कोरडी. कुंडी उचलून तळहातावर तोलली. खालचं एक पान, पिठीला धक्का न लावता, कडेनं दाबून बघितलं.

"मागतीया," ते म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. "आज?"

"आज," मी म्हणाले.

ते तांब्या भरून घेऊन आले. दुसऱ्या हातात स्टीलचा छोटा चमचा होता, औषधाचा. तो त्यांनी का आणला हे त्यांना स्वतःलाही माहीत नसावं. त्यांनी चमचा भरला, गोंड्याच्या कडेनं मातीत सोडला आणि थांबले. दुसरा चमचा. थांबले. माती वरून भिजलीही नाही. तिसऱ्या चमच्याचं पाणी फरशीवर सांडलं.

"पप्पा," मी त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला, "मोजू नका."

त्यांनी तांब्या दोन्ही हातांत धरला. कडेकडेनं, सावकाश, मातीवर धार सोडली. पाणी खाली शिरताना माती कुजबुजल्यासारखा बारीक आवाज करत होती, आणि त्या आवाजात मला पप्पांचा आवाज जेमतेम ऐकू आला. "पी," ते म्हणत होते. "पी. पोटभर पी गं." बुडातून पाणी आलं, कुंडीखालची ताटली भरली, ताटलीवरून ओसंडून माझ्या पायांपर्यंत आलं, तरी ते ओततच होते, आणि मी त्यांना थांबवलं नाही.